गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही, तिथे दुकान मांडताना

सोलापूरच्या चाटी गल्लीत चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय काय करतं, ते एकदा बाजूला उभं राहून बघा. आधी कोपरा चिमटीत धरून पोत बघतं. मग चादर उलटी करून पाठीमागचे धागे बघतं. उजेडात धरून बघतं. "रंग जाईल का हो?" असं विचारतं. दुकानदार म्हणतो, "गेला तर घेऊन या, मी इथंच बसलोय." मग भाव होतो, दोघंही थोडं थोडं सोडतात, आणि चादर कागदात बांधली जाते.

ऑनलाइन दुकानात यातलं काहीच घडत नाही. हात लागत नाही, उजेड नाही, समोर बसलेला माणूस नाही, घासाघीसही नाही. तरीही अनोळखी माणसानं आधी पैसे पाठवायचे आणि चार दिवस वाट बघायची असते. ब्रँडिंग, वेबसाइट, कॅटलॉग, रिटर्न पॉलिसी हे सगळे शब्द मला याच एका गोष्टीवरून उलगडले. गल्लीतल्या दुकानात जे आपोआप घडतं, त्यातलं जे जे इथं गळून पडलं, ते एकेक करून परत उभं करायचं.

मागच्या वर्षी कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली. घर पूर्व भागात, वडील यंत्रमागावर. चादरीच्या कारखान्यातून उरलेले तुकडे आणि सेकंडचा, म्हणजे किरकोळ दोष राहिलेला माल आणून ती पिशव्या, वह्यांची कव्हरं, पाकिटं शिवते. म्हणाली, "ताई, मला लोगो करून द्या आणि वेबसाइट करून द्या." मी म्हटलं, आधी पिशवी दे. पिशवी चांगली होती. खांद्याचा बंद दुहेरी शिवलेला, आतून अस्तर, जेकार्ड मागावर विणलेल्या नक्षीतला मोर बरोबर मधोमध आलेला. पुढचे दोन महिने आम्ही जे केलं, त्याच्या आधारानं हा लेख लिहिते आहे. चित्रं काढणारे, दागिने घडवणारे, शिवणारे, छापणारे, आणि शिकता शिकता हे विकू पाहणारे माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

नाव आणि त्यामागची खात्री

ब्रँड म्हणजे काय, हे सोलापूरकराला परक्या कंपन्यांच्या उदाहरणांवरून शिकायची गरज नाही. "सोलापुरी चादर" हे दोन शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात जाडसर सुती कापड, दोन्ही बाजूंनी दिसणारी नक्षी आणि वर्षानुवर्षं टिकणं, एवढं एकदम उभं राहतं. लोगो न दाखवता. हाच ब्रँड. नाव घेतल्यावर समोरच्याला काय मिळणार याची जी खात्री वाटते ती. चिन्ह, रंग, अक्षरं ही त्या खात्रीची ओळखखूण असते. खात्रीच नसेल तर ओळखायचं काय?

आणि ती खात्री सैल झाली तर काय होतं, तेही आपण इथंच पाहिलंय. दुसऱ्या शहरांत विणलेल्या, हलक्या सुताच्या चादरी "सोलापुरी" म्हणून विकल्या जातात. चार धुण्यांत विरल्या की बदनामी सोलापूरची होते. म्हणूनच सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांना 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अर्थ, ठरावीक भागात, ठरावीक पद्धतीनं तयार झालेल्या मालालाच ते नाव लावता येतं. विद्यार्थ्यानं यातून एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी. बाहेरून आणलेल्या कापडाच्या पिशवीवर "सोलापुरी चादरीपासून" असं लिहू नये. तो खोटेपणा तर आहेच, कायद्यातही बसत नाही. तुमचं कापड खरोखर इथल्या मागावरचं असेल, तर ते कुठून आणलं हे मात्र अभिमानानं सांगावं.

त्या मुलीला मी लोगोऐवजी एक वाक्य लिहायला सांगितलं: माझ्याकडून घेतलं तर काय नक्की मिळेल? तिसऱ्या दिवशी तिनं लिहून आणलं, "प्रत्येक पिशवीचं कापड सोलापूरच्या मागावरचं, प्रत्येक नक्षी एकदाच, आणि बंद तुटला तर मी शिवून देईन." माझ्या मते त्या दिवशी तिचा ब्रँड झाला. पुढं नाव, रंग, फोटो, भाव असं काहीही ठरवताना आम्ही तेच वाक्य समोर ठेवत होतो.

नाव ठेवताना मराठी मुलांची एक अडचण असते, ती परक्या भाषेतले सल्ले वाचून कळत नाही. आपलं नाव लोक रोमन अक्षरांत शोधतात. "धागा" लिहिताना एक ए घालायचा की दोन? "ळ" तर रोमनमध्ये नाहीच, मग "सोळा" आणि "सोला" एकच होऊन बसतात. म्हणून नाव ठरवण्याआधी ते पाच जणांना फोनवर नुसतं सांगा आणि टाइप करून पाठवायला सांगा. पाच जणांनी पाच स्पेलिंगं पाठवली तर ते नाव सुंदर असूनही सोडा. आमची परीक्षा आणखी कडक होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतून एकेकाला फोन केला, कारण सोलापुरात गिऱ्हाईक या चारही घरांतून येतं.

नावात निव्वळ वर्णन असेल तर ते तुमच्या एकट्याचं होत नाही. "सोलापूर बॅग्ज" असं नाव ट्रेडमार्क म्हणून, म्हणजे कायद्यानं फक्त आपलं म्हणून, नोंदवणं फार अवघड, कारण गावाचं आणि वस्तूचं नाव सगळ्यांनाच वापरायचं असतं. ट्रेडमार्कचा सरकारी शोध ऑनलाइन आणि फुकट आहे, तो नाव पक्कं करण्याआधीच करावा. वस्तूंचे आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत. कागदी वस्तू 16 व्या वर्गात, कपडे 25 व्यात, दागिने 14 व्यात, पिशव्या 18 व्यात. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षांची, पुढं वाढवता येणारी. पहिल्याच महिन्यात हा खर्च करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्ज न करताही नावाशेजारी टीएम लिहिता येतं. गोलातला आर मात्र नोंदणीशिवाय लावू नये, तो गुन्हा आहे.

अक्षरांबद्दल थोडंसं. देवनागरीत नाव लिहायला लाजू नका. 'मुक्त' (Mukta), 'बालू' (Baloo) यांसारखे चांगले देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात, धंद्यासाठीही चालतात. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेला फॉन्ट मात्र लोगोत वापरू नका. आणि वस्तूचं वर्णन युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर मराठी ज्यात टाइप होतं त्यातच, लिहा. छापखान्यात चालणाऱ्या जुन्या फॉन्टांतला मजकूर वेबवर चिकटवला की त्याची अगम्य अक्षरं होतात, आणि शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. फोटोवर लिहिलेल्या नावाचंही बरंचसं तसंच.

रंगाचा एक धडा मी स्वतः पैसे मोजून शिकले. पडद्यावर रंग प्रकाशातून तयार होतात, कागदावर शाईतून. माझ्या पहिल्या कामात गडद डाळिंबी रंग मी पडद्यावर बघून मंजूर केला आणि 300 लेबलं विटकरी छापून आली. तेव्हापासून एक नमुना छापून, उन्हात धरून बघितल्याशिवाय मी छपाईला होकार देत नाही.

बोटांच्या जागी फोटो

गिऱ्हाइकाची चिमटी पोचत नाही, म्हणून फोटोला ते काम करावं लागतं. एका वस्तूचे निदान पाच फोटो हवेत: समोरून, पाठीमागून, आतून, शिवणीचा अगदी जवळून, आणि कुणाच्या तरी खांद्यावर अडकवलेला. शेवटच्याशिवाय आकार कळतच नाही. आपल्याकडचं ऊन कडक आहे, दुपारी अंगणात काढलेला फोटो फिक्का पडतो आणि सावल्या काळ्याकुट्ट येतात. सकाळी दाराच्या उंबऱ्याशी, ऊन थेट न पडणाऱ्या जागी वस्तू ठेवा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा करा. फिल्टर लावू नका. फिल्टरनं उजळलेला रंग घरी पोचल्यावर वेगळा दिसतो, आणि पिशवी परत येते.

वर्णनात "सुंदर", "आकर्षक" हे शब्द कामाचे नाहीत. लांबी, रुंदी, बंदाची लांबी, वजन, कापड, अस्तर, कशी धुवायची, रंग पहिल्या धुण्यात सुटतो का. सेकंडच्या मालातला एखादा धागा ओढलेला असेल तर तेही लिहा, त्याचा फोटो लावा. तिनं हे केलं तेव्हा तिची आई घाबरली होती, "दोष दाखवून कुणी विकतं का गं?" पण तीच पिशवी आधी गेली. दुकानदार समोर नसताना त्याचा खरेपणा दाखवायला दुसरी जागा कुठली आहे?

भाव

विद्यार्थी सगळ्यात जास्त चुकतात ते इथं, आणि चुकतात ते संकोचानं. तिनं पिशवीचा भाव 250 रुपये ठेवला होता. कारण विचारलं तर, "मैत्रीण म्हणाली, यापेक्षा जास्त कोण देणार?"

आम्ही वही काढली. आकडे ठोकळ आहेत, तुमचे वेगळे येतील. कापड आणि अस्तर 90 रुपये, दोरा आणि चेन 25, शेजारच्या मावशींची शिलाई 60, लेबल आणि पॅकिंग 20. झाले 195. कुरिअर 70. ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा साधारण दोन टक्के घेते आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 250 वर सुमारे 6 रुपये. एकूण 271. प्रत्येक पिशवीमागे ती स्वतःच्या खिशातले 21 रुपये घालत होती, आणि तुकडे निवडणं, नक्षी जुळवणं, कापणं या दीड तासाचा मोबदला शून्य.

आता तासाचे 80 रुपये तरी धरा. दीड तासाचे 120. खर्च 315 वर गेला. भाव 499 ठेवला तर फी 12, कुरिअर 70, उरले 102. दहातलं एक पार्सल परत आलं तर दोन्ही बाजूंचं कुरिअर मिळून 140 जातात, म्हणजे दर पिशवीमागे 14. उरले 88. त्यातून फोटो, खराब झालेलं कापड, वेबसाइटचं वर्षाचं भाडं. हा नफा मोठा नाही, पण आता धंदा उभा राहतो.

आणखी एक हिशोब आताच करून ठेवावा. उद्या एखाद्या दुकानदारानं म्हटलं, "ठेव माझ्याकडे, 30 टक्के माझे," तर 499 मधले 349 हातात येतात. कुरिअर नाही, फी नाही. खर्च 315. म्हणजे 34 रुपये सुटतात, जेमतेम जमतं. 250 च्या भावात हे दार कायमचं बंद होतं. नवशिक्याचा स्वस्त भाव पुढं वाढवता येईल असं वाटतं, पण पहिल्या पन्नास गिऱ्हाइकांच्या डोक्यात तोच बसतो.

घासाघीस ऑनलाइनही होते, मेसेजमध्ये. "लास्ट किती?" असं विचारणाऱ्यावर रागावू नका, आपल्या बाजाराची ती रीत आहे. पण उत्तर सगळ्यांना एकच द्या. एकाला 450 ला दिलेली पिशवी दुसऱ्याला 499 ला दिली, हे दोघी एकाच वर्गात बसत असतील तर संध्याकाळपर्यंत कळतं.

ओटा कुणाचा

दुकान कुठं थाटायचं, याला तीन वाटा आहेत. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहेत, कॅटलॉग लावता येतो, सुरुवातीला एवढं पुरतं. दुसरी वाट भरलेल्या बाजाराची: अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, परदेशी गिऱ्हाइकासाठी एट्सी. तिथं गर्दी आयती मिळते, पण वाटा द्यावा लागतो. एट्सी एक वस्तू चार महिने मांडायला 20 सेंट घेते आणि विक्रीवर साडेसहा टक्के. शिवाय गिऱ्हाईक तुमचं राहत नाही, "अ‍ॅमेझॉनवरून घेतली" असं ते सांगतं. तिसरी वाट स्वतःच्या वेबसाइटची, शॉपिफायसारखी महिन्याच्या भाड्याची किंवा वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या प्रणालीवर वूकॉमर्स हा दुकानाचा भाग बसवून.

मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी वेबसाइट करून देत नाही. डोमेनचं नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मात्र लगेच घ्यायला लावते. डॉट इन वर्षाला साधारण हजाराच्या आत मिळतं. पहिल्या वर्षीची सवलत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा दर बघा. सध्या ते नाव थेट इन्स्टाग्रामच्या पानाकडे वळवता येतं. फायदा हा की लेबलवर आणि पिशवीच्या पट्टीवर छापलेला पत्ता तुमचा राहतो. उद्या खातं हॅक झालं, बंद पडलं, तर पत्ता तोच ठेवून दुकान दुसरीकडे नेता येतं. ज्यांनी घेतलं त्यांचे नंबर, त्यांच्या संमतीनं, वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीवर "नंबर सेव्ह करा" हे लिहायचं.

पैशांचं थोडक्यात. यूपीआय पुरतं. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय पार्सल बांधू नका. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. वय 18 पूर्ण नसेल तर पेमेंट सेवेचं खातं आईवडिलांच्या नावानं काढा. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला ठेवूच नका, दारावरून परत फिरलेल्या पार्सलाचं जाण्यायेण्याचं भाडं तुमच्याच माथी येतं.

खोक्याचा आकार जपा. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे मोजतात, काट्यावर आणि खोक्याच्या आकारावरून, आणि जे जास्त येईल त्यावर भाडं लावतात. आकारावरून काढताना लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 नं भागायचं. 30 बाय 25 बाय 10 च्या खोक्याचं वजन येतं दीड किलो, आत 300 ग्रॅमची पिशवी का असेना. घडी घालून चपट्या पाकिटात घातली की निम्म्याहून जास्त भाडं वाचू शकतं.

नक्षी कुणाची

हा भाग जरा किचकट आहे, पण चादरीच्या गावात चित्र काढणाऱ्यानं तो समजून घ्यायलाच हवा.

तुम्ही चित्र काढलं त्या क्षणी त्याचा कॉपीराइट तुमचा होतो. 1957 च्या कायद्यानुसार नोंदणीची सक्ती नाही, आणि तो हक्क तुमच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षं राहतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. तीच नक्षी जर मालावर उठवायची डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी असेल, तुम्ही ती 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवली नसेल, आणि तुमच्या परवानगीनं यंत्रावर तिच्या 50 हून जास्त प्रती निघाल्या, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. यंत्रमागावर 50 नग निघायला किती वेळ लागतो? भिंतीवर टांगायच्या चित्राला हा नियम लागत नाही, कापडावर विणायची नक्षी म्हणून केलेलं काम मात्र यात अडकू शकतं. ही सीमारेषा इतकी नाजूक आहे की सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये एका खटल्यात तिच्यासाठी कसोटी घालून दिली.

दुसरी अडचण आणखी जवळची. डिझाइन नोंदवायची तर ती नवी हवी, आधी कुठं प्रसिद्ध झालेली नको. इन्स्टाग्रामवर टाकणं हेही प्रसिद्ध करणंच. म्हणजे आधी पोस्ट आणि मग अर्ज, हा क्रम उलटा आहे. प्रत्येक वहीच्या कव्हरासाठी अर्ज करा असं मी म्हणत नाही. पण एखादी नक्षी कारखानदाराला द्यायची असेल, तर आधी नोंदणी, मग लेखी करार: किती नगांसाठी, किती वर्षांसाठी, नाव छापणार का. ओळखीचे काका आहेत म्हणून तोंडी दिलं, आणि दोन वर्षांनी आपलीच नक्षी बाजारात भलत्याच लेबलखाली दिसली, हे मी जवळून पाहिलंय. तेव्हा दाखवायला कागद नसतो, आणि काकांशी बोलणंही बंद होतं.

उलट बाजूही सांगते. कारखान्यातून आणलेल्या कापडावरचा मोर कुणीतरी काढलेला आहे. तुकडा विकत घेऊन त्याची पिशवी शिवणं वेगळं, आणि त्या मोराचा फोटो काढून वह्यांवर छापणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीसाठी आधी परवानगी घ्या.

जीएसटीबद्दल विद्यार्थी उगाच घाबरतात किंवा उगाच बेफिकीर राहतात. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण माल दुसऱ्या राज्यात विकला की ही मर्यादा सहसा उपयोगी पडत नाही, नोंदणी लागते, आणि सोलापुरातून विजयपूर किंवा कलबुर्गी म्हणजे दुसरं राज्यच. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यातून सवलत आहे. अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारातून विकायला पूर्वी नोंदणी सक्तीचीच होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात ती माफ आहे. तुमची वस्तू यात कुठं बसते, हे एकदा कर सल्लागाराला विचारा. तासाभराचं काम असतं.

"मी इथंच बसलोय"

दुकानदाराच्या या तीन शब्दांची जागा भरायला मात्र वेळ लागतो. नाव, गावासह पत्ता, फोन, परत घेण्याचे नियम, हे दुकानाच्या पानावर ठळक हवं. नियम साध्या भाषेत लिहा: किती दिवसांत कळवायचं, कुरिअर कोण भरणार, पैसे परत की बदली वस्तू. तिच्या एका गिऱ्हाइकाच्या पिशवीचा बंद महिन्याभरात उसवला. बाई पुण्याच्या. येण्याजाण्याचं कुरिअर हिनं भरलं, 140 रुपये गेले, पिशवीचा नफा बुडाला. बंद शिवून, सोबत शेंगा चटणीची पुडी घालून तिनं ती परत पाठवली. त्या बाईंनी पुढं तीन पिशव्या मागवल्या.

आणि विद्यार्थ्यांची म्हणून एक खास अडचण: परीक्षा. मार्च-एप्रिलमध्ये ऑर्डरी साचतात, मेसेजला उत्तर जात नाही, आणि वर्षभरात कमावलेली खात्री दोन आठवड्यांत उसवते. दुकान बंद ठेवायला हरकत नाही, पाटी न लावता बंद ठेवू नये. परीक्षेच्या दहा दिवस आधी नवीन ऑर्डर थांबवा, कॅटलॉगमधला साठा शून्य करा, व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप जाणारं उत्तर चालू करा, आणि घेतलेल्या ऑर्डरी पोचवून मगच पुस्तक उघडा.

तिनं लावलेली पाटी अशी होती, मराठीत आणि खाली तेलुगूत: "माझी परीक्षा 22 तारखेला संपते. 24 पासून शिवायला बसेन. कुणाचा बंद तुटला असेल तर मात्र आत्ता कळवा, तो मी रविवारी शिवते."